त्रेचाळीस चौकटी आणि एक शेरा

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बाबा लेकीच्या लॅपटॉपसमोर अशा तयारीने बसले, की जणू भरलेली गाडी धुक्यातून घाट उतरवायची होती. चष्मा पुसून झाला होता. खुर्ची पुढे-मागे सरकवून बेताची केली होती. उजव्या हातास लेकीची वही, डाव्या हातास पाण्याचा पेला, आणि समोरच्या भिंतीवर, धीर देण्याकरिता, त्यांचे स्वतःचे काचेतले प्रमाणपत्र: ‘एकतीस वर्षे अपघातरहित सेवा, विभागात पहिला क्रमांक’. एकतीस वर्षे लांब पल्ल्याची बस चालवलेल्या मनुष्यास एक अर्ज भरणे ते काय जड जाणार, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

लेक दारात उभी होती, एक बूट पायात आणि दुसरा हातात.

“बाबा, नीट ऐका. नाव, पत्ता, शिक्षण, सगळं भरलंय मी. फक्त शेवटचं पान राहिलंय. त्रेचाळीस कामांची यादी आहे. मला कुठलं काम किती येतं ते वहीत लिहिलंय. तेवढं बघून भरायचं आणि पाठवायचं.”

“आणि तू कुठे निघालीस?”

“आमच्या वॉर्डातली एकजण आजारी पडली, तिच्या जागी बोलावलंय. फोन आत नेता येत नाही. रात्री नऊपर्यंत मी मिळणार नाही, आणि अर्ज पाचला बंद होतो. पाच म्हणजे पाच.”

“अगं, पाचची गाडी मी कधी पाच-एकला सोडली नाही.”

“म्हणून तर तुमच्यावर टाकतेय,” असे म्हणून तिने दुसरा बूट चढवला आणि ती भराभर जिना उतरून गेली.

येथे लेकीच्या नोकरीविषयी चार शब्द सांगणे प्राप्त आहे. ती नर्स होती, आणि आठ वर्षे एकाच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होती. दोन वर्षांपूर्वी तिने ती कायमची नोकरी सोडून एका नेमणूक संस्थेत नाव नोंदवले. जेथे नर्स कमी पडतात तेथे ही संस्था तीन-तीन महिन्यांकरिता माणसे पाठवते. एकदा ती डायलिसिसच्या विभागात गेली, एकदा भाजलेल्या रुग्णांच्या, एकदा तर डोंगरातल्या बारा खाटांच्या दवाखान्यात, जेथे रुग्णांपेक्षा बकऱ्याच अधिक येत. प्रत्येक ठिकाणाहून ती एक नवी विद्या आणि एक नवा सर्दीचा प्रकार घेऊन परत येई. बाबांची बहीण, म्हणजे तिची आत्या, फोनवर दर वेळी विचारी, “काय रे, पोरगी कुठे टिकत नाही वाटतं?” त्यावर बाबा ठरलेले उत्तर देत: “टिकत नाही असं नाही. प्रत्येक ठिकाणी पुरून उरते, म्हणून पुढे पाठवतात.”

हा अर्ज मात्र साधा नव्हता. दीड दिवसाच्या प्रवासावर एक मोठे हृदयाचे रुग्णालय होते. शस्त्रक्रिया झालेले रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत ज्या विभागात ठेवतात, तेथील नेमणूक तिला हवी होती. तेथे तीन महिने काढलेल्या नर्सला पुढे कोणी ‘तू इथे जा, तिथे जा’ असे सांगत नाही. ती सांगते आणि संस्था ऐकते. दोन वर्षे ज्या फाटकाच्या दिशेने लेक चालत आली होती ते फाटक आता समोर होते, आणि त्याची किल्ली आज बाबांच्या हाती होती.

आणि बाबांच्या मनातले सांगायचे तर, ते फाटक उघडू नये असे त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात फार होते. कारण तिची चालू नेमणूक, केवळ योगायोगाने, याच शहरात होती. तीन महिने घरात दोन कप विसळले जात होते. दारात तिचे बूट असत, ज्यांची ठेच लागली की बाबा रोज रागावत आणि रोज त्यांना बरे वाटे. नेमणूक संपायला दहा दिवस उरले होते. बाबा ते मोजत नव्हते, फक्त त्यांना ठाऊक होते.

असो. त्यांनी वही उघडली. लेकीने सुंदर अक्षरात कामे लिहून प्रत्येकापुढे एकेक शब्द लिहिला होता. ‘श्वासाचे यंत्र सांभाळणे: उत्तम.’ ‘हृदयाच्या ठोक्यांचा आलेख वाचणे: उत्तम.’ ‘लहान मुलांना सलाईन लावणे: जेमतेम.’ ‘प्रसूतीस मदत: अजिबात नाही.’ ‘नवजात बाळाची देखभाल: अजिबात नाही.’ सगळे कसे स्वच्छ होते. पडद्यावर मात्र शब्दच नव्हते. प्रत्येक कामापुढे चार लहान चौकटी होत्या आणि त्यांत आकडे होते: एक, दोन, तीन, चार.

बाबांचा पाय ब्रेकवर गेला.

चुकीच्या फाट्याला गाडी घालण्यापेक्षा उतरून विचारावे, हा त्यांचा जुना नियम. ते उठले आणि शेजारच्या हेडसरांचे दार वाजवले. हेडसर हे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. शंकेस उत्तर नाही असे त्यांनी आयुष्यात कोणास म्हटलेले नव्हते.

“सर, एक ते चार असे आकडे आहेत. ‘उत्तम’ला काय टाकायचं?”

“एक,” हेडसर क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

“नक्की? उलटं नसेल ना?”

“ड्रायव्हरसाहेब, चाळीस वर्षं बक्षीस समारंभ केले मी. चौथ्या नंबरच्या मुलाला स्टेजवर बोलावलेलं कधी पाहिलंत? तो खाली बसून टाळ्या वाजवतो.”

“तेही खरं.”

“आणि तुमच्या भिंतीवरच्या त्या कागदावर काय लिहिलंय? चौथा क्रमांक?”

हा पुरावा बिनतोड होता. बाबा परत आले आणि त्यांनी कामास सुरुवात केली. ‘उत्तम’ला एक, ‘चांगलं’ला दोन, ‘जेमतेम’ला तीन, ‘अजिबात नाही’ला चार. प्रत्येक चौकट भरल्यावर ते वहीतल्या त्या ओळीवर पेन्सिलीने बारीक टिंब करत. एकदा भरून झाले, तेव्हा त्यांनी पहिल्यापासून पुन्हा ताडून पाहिले. आकडे कोणत्या क्रमाने वाचायचे हे अर्जात लिहिलेले होते, नाही असे नाही. परंतु ते आदल्या पानावर होते, आणि ते पान लेकीने भरून मागे टाकले होते. आलेला रस्ता पुन्हा पाहण्याची चालकास सवय नसते.

सर्वांत शेवटी एक मोठी रिकामी चौकट होती. तिच्यावर लिहिले होते, ‘आणखी काही सांगावयाचे असल्यास’.

लेकीच्या वहीत याविषयी काहीच नव्हते. घड्याळात चार वाजून पाच मिनिटे झाली होती. बाबांनी इकडेतिकडे पाहिले, घरात कोणी नव्हते तरी. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिले: ‘घरी वडील एकटे असल्याने जवळचे ठिकाण दिल्यास उपकार होतील.’

लिहून झाल्यावर ते त्या ओळीकडे बराच वेळ पाहत बसले. ओळ खोटी नव्हती. पण भलत्याच्या खिशात हात घातल्यासारखे त्यांना वाटू लागले. मग ज्या बोटाने लिहिले त्याच बोटाने त्यांनी ती ओळ शेवटापासून एकेक अक्षर करत पुसून टाकली आणि तिच्या जागी दुसरी सहा वाक्ये लिहिली. ती वाक्ये पुढे यथावकाश येतीलच. चार वाजून बावन्न मिनिटांनी अर्ज रवाना झाला, आणि बाबांनी प्रमाणपत्राकडे पाहून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता घरातला फोन वाजला. लेक पहाटेच कामावर गेली होती. अर्जात ‘संपर्कासाठी दुसरी व्यक्ती’ म्हणून बाबांचे नाव होते.

“नेमणूक संस्थेतून बोलतेय,” पलीकडे एक बाई होत्या. “तुमच्या मुलीचा फोन लागत नाहीये. आजोबा, खरं सांगते, बारा वर्षं या खुर्चीवर आहे, असा अर्ज पाहिला नव्हता.”

“चांगल्या अर्थाने ना?”

“म्हणजे काय. एवढ्या विभागांत एवढं येणारी नर्स मिळतच नाही. तिने मागितलेलं ते लांबचं ठिकाण काही जमणार नाही. पण त्याहून मोठं मिळतंय. सरळ प्रशिक्षक. सहा नव्या नर्सना शिकवायचं. आणि तुमच्यापासून चाळीस मिनिटांवर.”

बाबांना क्षणभर ऐकू येईनासे झाले. आपण मागितले, मग पुसून टाकले, आणि तरीही मिळाले.

“तोंडी होकार बारापर्यंत हवाय,” बाई म्हणाल्या. “सही ती संध्याकाळी करेल. तुम्ही तिच्या वतीने सांगू शकाल का?”

एकतीस वर्षांत बाबांनी पिवळा दिवा कधी ओलांडला नव्हता. त्या दिवशी ओलांडला. “लिहा हो म्हणून,” ते म्हणाले.

ही वार्ता पोटात ठेवणे अशक्य होते. दोन मिनिटांत ते हेडसरांच्या दारात उभे होते. रुग्णालयाचे नाव ऐकताच हेडसर खुर्चीतून अर्धे उठले.

“अहो, तिथे तर आमच्या सुनेचं नाव घातलंय. दिवस भरत आलेत. ते बाळंतपणाचं रुग्णालय आहे.”

“बाळंतपणाचं?” बाबांच्या आनंदास प्रथमच खडा लागला. “पण आमच्या हिचं काम हृदयाचं.”

हेडसरांनी विचार केला, पण फार नाही. “बाळंतिणीला हृदय नसतं का? आणि बाळाला? म्हणजे एकाच वेळी दोन-दोन झाली. तज्ज्ञ लागणारच.”

पुन्हा बिनतोड. हेडसरांनी लगेच सुनेला बोलावले, आणि पोट सांभाळत आलेल्या त्या मुलीला सांगितले की आता चिंता नको, आपल्या शेजारची ताईच तिथे सगळ्यांची गुरू झाली आहे. ती बिचारी इतकी आनंदली की तिने माहेरी फोन लावला. दुपारपर्यंत इमारतीच्या चारही मजल्यांवर बातमी पोहोचली होती.

संध्याकाळी लेक घरी आली ती न बोलता. बूट काढून तिने ते, कधी नव्हे ते, नीट भिंतीला लावून ठेवले. तेव्हाच बाबांना वाटले की काहीतरी बिनसले आहे.

“बाबा, इथली नेमणूक संपली की सोमवारी नऊ वाजता मला व्याख्यान द्यायचंय.”

“कळलं मला. अभिनंदन.”

“विषय माहितीये? ‘अवघड प्रसूती, प्रात्यक्षिकासह’.”

बाबांनी टेबलावरच्या वहीकडे पाहिले.

“मी शिकत असताना एकदाच बाळ हातात दिलं होतं. ते रडायच्या आधी मी रडले होते. वाचलं नाहीत तुम्ही? चार म्हणजे ‘दुसऱ्यांना शिकवू शकते’. तीन म्हणजे स्वतंत्रपणे करते. दोन म्हणजे कुणीतरी जवळ लागतं. आणि एक म्हणजे ‘अनुभव नाही’. श्वासाच्या यंत्रापुढे एक टाकलंय तुम्ही, बाबा. मी ते झोपेत चालवते.”

“एक म्हणजे पहिला,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “मी वहीत बघूनच भरलं सगळं.”

“जे येतं ते येत नाही, आणि जे येत नाही ते शिकवते. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.” ती खुर्चीवर बसली. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरे झाले असते. “आणि नेमकं चाळीस मिनिटांवरचं ठिकाण. बाबा, मी जवळ हवी होते तर तोंडाने सांगायचं होतं. मी थांबले असते कदाचित. पण असं नको होतं करायला.”

वास्तविक येथे बाबांनी ‘शेवटची चौकट वाच’ एवढेच म्हणायचे होते. पण आपले चांगले आपणच काढून दाखवणे त्यांना कधी जमले नव्हते. शिवाय तीच चौकट त्यांनी आधी कशाने भरली होती, हेही त्यांना आठवत होते. लेकीने केलेला आरोप सगळा खरा नव्हता, पण सतरा-अठरा मिनिटांपुरता तो खरा होता. त्यांनी फक्त एवढेच विचारले, “मग आता?”

“मघाशीच फोन करून प्रसूतीला नाही म्हटलं. आता चौकशी होणार. कामाची खोटी माहिती दिली तर संस्था वर्षभर यादीतून नाव काढते. रुग्णाच्या जिवाशी गाठ असते, त्यांचंही चूक नाही. हृदयाची एक जागा अजून रिकामी आहे, पण आता ती मला कोण देणार?”

जेवण झाले. भाजीत मीठ नव्हते, आणि दोघांपैकी कोणी तसे म्हणाले नाही.

रात्रभर बाबांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती: अपघात झाला तर चालकाने गाडी सोडून पळायचे नसते, ठाण्यावर जाऊन स्वतः सांगायचे असते. एकतीस वर्षांत तशी वेळ आली नाही, ती निवृत्तीनंतर आली. सकाळी लेक कामावर जाताच त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, वही पिशवीत टाकली, क्षणभर विचार करून काचेतले प्रमाणपत्रही भिंतीवरून काढून पिशवीत घातले, आणि बसने ते संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत गेले.

काउंटरवरच्या मुलीने त्यांच्या पुढे एक कागद सरकवला. “आधी हे भरा. आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच.”

बाबांच्या कपाळावर घाम आला. “यात मोठा कोण, बाई? एक की पाच?”

“अहो, काहीही टाका.”

“काहीही टाकूनच तर इथवर आलोय,” बाबा म्हणाले, आणि तो कागद त्यांनी कोराच परत दिला.

एवढ्यात फोनवरच्या त्या बाई आतून बाहेर आल्या. बाबांनी उभे राहून सांगितले, “गुन्हा माझा आहे. शिक्षा तिला कशाला? मी ड्रायव्हर, ती प्रवासी. गाडी मी घातली.”

बाईंनी त्यांना आत नेऊन बसवले. वही आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवून त्यांनी त्रेचाळीस ओळी बोट ठेवून ताडल्या. शेवटी त्या म्हणाल्या, “आजोबा, कमाल आहे. सगळंच चुकलंय, आणि एकही चूक नाही.”

“पहिला क्रमांक,” बाबांनी प्रमाणपत्र बाहेर काढले. “हे बघा. म्हणून गफलत झाली.”

बाईंनी ते प्रमाणपत्र आदराने पाहिले, पण मान हलवली. “मला पटतंय हो. पण वर विचारतील, ही वही मागाहून लिहिली नाही कशावरून? जवळचं ठिकाण मिळावं म्हणून मुद्दाम केलं नाही कशावरून?”

हाच प्रश्न काल घरात विचारला गेला होता. त्यास आता उत्तर द्यावे लागणार होते. बाबांनी जमिनीकडे पाहत विचारले, “शेवटची मोठी चौकट वाचलीत का?”

“ती कुणीच वाचत नाही.”

“मग ठेवता कशाला?”

“लोकांना बरं वाटतं.” असे म्हणत बाईंनी पडद्यावर खाली जाऊन ती चौकट काढली. एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग चष्मा काढून त्यांनी तो ओढणीने पुसला, जरी तो स्वच्छच होता.

“तुम्ही घरी जा, आजोबा.”

“म्हणजे?”

“म्हणजे घरी जा. मी बघते. आणि लिफ्टने जा, मघापासून गुडघा चोळताय.”

“गुडघा ठणठणीत आहे.”

“हो,” बाई म्हणाल्या, “तेही लिहिलंय तुम्ही.”

आपला शब्द खरा करण्याकरिता बाबा तिन्ही मजले जिन्याने उतरले. त्यानंतर त्यांना बसथांब्यावर अर्धा तास बसून राहावे लागले, आणि दोन बस त्यांनी गर्दी आहे असे स्वतःला सांगून सोडल्या.

संध्याकाळी दार उघडले तेव्हा लेक उंबऱ्यातच उभी राहिली. एक बूट पायात होता, दुसरा हातात होता. ती आत येईना.

“ ‘अर्जदार ही आमची कन्या आहे,’ ” ती म्हणाली. “ ‘कामात पहिल्या क्रमांकाची आहे. तिला दूर पाठवावे.’ ”

बाबांनी पटकन वर्तमानपत्र उघडले. ते उलटे होते.

“ ‘घरी वडील एकटे आहेत असे ती म्हणेल, त्याकडे लक्ष देऊ नये, वडील ठणठणीत आहेत. तिच्या लहानपणी वडील लांबच्या गाडीवर असत, तेव्हा तिने कधी अडवले नाही. आता वडिलांनी अडवणे बरोबर दिसत नाही.’ ” ती थांबली. “पाठ झालंय मला. हृदयाच्या रुग्णालयातल्या हेड नर्सनी फोनवर वाचून दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझी मुलाखत घेतली, आमच्या वॉर्डात फोन करून माझ्याबद्दल विचारलं, आणि मग म्हणाल्या, आता हे ऐक. मी तिथे सगळ्यांसमोर सूप पीत होते, बाबा. सूप वाया गेलं.”

“मग काय म्हणाल्या त्या?”

“पंधरा तारखेपासून रुजू व्हायचंय. यादीतून नाव काढणार नाहीत. आणि शेवटच्या पानावरही आता वरच लिहिणार आहेत, एक म्हणजे काय नि चार म्हणजे काय.”

“चांगलं झालं,” बाबा म्हणाले, आणि वर्तमानपत्र सुलटे केले.

“काल मी जे बोलले...”

“जाऊ दे. समोरच्याने हॉर्न वाजवला तर गाडी बाजूला घ्यायची. भांडत बसायचं नाही.” थोडे थांबून, कारण काहीही लपवून ठेवणे आता त्यांना झेपेना, ते म्हणाले, “आधी मी दुसरंच लिहिलं होतं. मग पुसलं.”

“काय लिहिलं होतं?”

“पुसलं ना. मग झालं.”

लेकीने पुढे विचारले नाही. तिने बूट नेहमीप्रमाणे दाराच्या मधोमध टाकला, आणि स्वयंपाकघरात जाता जाता बाबांच्या गुडघ्यावर हलकेच टिचकी मारली. बाबा कळवळले.

“सहा वाक्यांत एक खोटं आहे,” ती आतून म्हणाली. “ठणठणीत म्हणे.”

प्रसूतीच्या रुग्णालयास सोमवारपर्यंत खरी प्रशिक्षक मिळाली. हेडसर मात्र दोन दिवस घुश्शात होते. परंतु सून सुखरूप बाळंत झाली आणि नातीचे वजन दवाखान्यातल्या तक्त्यापेक्षा दोनशे ग्रॅमने अधिक भरले, तेव्हा त्यांचाही राग ओसरला. आकड्यांच्या बाबतीत आपला सल्ला चुकला, हे त्यांनी आजतागायत कबूल केलेले नाही. त्यांच्या मते अर्जच उलटा छापलेला होता.

लेक गेली. जाण्यापूर्वी तिने फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. वर ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘एक म्हणजे अनुभव नाही. चार म्हणजे दुसऱ्यांना शिकवू शकतो. वर वाचूनच भरावे.’ खाली कामांची यादी होती, आणि दर रविवारी ती भरून फोटो पाठवायचा, असा हुकूम होता. ‘रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे.’ ‘गुडघ्याला पट्टा बांधणे.’ ‘भाजीत मीठ घालणे.’ ‘फोन पहिल्या घंटेला उचलणे.’ आणि सर्वांत खाली, जरा बारीक अक्षरात, ‘वाट पाहणे’.

पहिल्या रविवारी बाबांनी वरची ओळ तीनदा वाचली. गोळीला चार टाकले. पट्ट्याला चार. मिठाला प्रामाणिकपणे तीन. फोनला चार. शेवटच्या ओळीपाशी पेन बराच वेळ थांबला. मग त्यांनी आकडा टाकला, फोटो काढला, पाठवला, आणि फोन मांडीवर घेऊन बसले.

पहिल्याच घंटेला त्यांनी तो उचलला.

“बाबा, तो शेवटचा एक. जुन्या पद्धतीचा की नव्या?”

बाबांनी दाराकडे पाहिले. तेथे ठेच लागण्यासारखे काहीही नव्हते. जुन्या पद्धतीचा, असे म्हणण्याचा मोह त्यांना झाला, पण मग मघाशी तीनदा वरची ओळ वाचली ती कशाला?

“नव्या,” ते म्हणाले.

पलीकडे यंत्रांचा बारीक आवाज ऐकू येत होता. मग लेक म्हणाली, “बरं. मग शिकावं लागेल तुम्हाला. चार असलेल्याने एक असलेल्याला शिकवायचं, असा नियमच आहे आमच्यात.”

“आणि चार असलेला कुठून आणायचा?”

“मला त्यात चार आहेत, बाबा. दुसरीत असल्यापासून. तुमची गाडी यायच्या आधी तासभर मी खिडकीत असायचे. आत्या म्हणायची, गाडी काय तुझ्या बघण्याने लवकर येते का?”

बाबांनी मान वर करून पाहिले. एकतीस वर्षे ती गाडी सुखरूप आणल्याचे प्रमाणपत्र त्यांच्या भिंतीवर होते. त्या गाडीची वाट कोणी वेळेआधीच पाहू लागे, हे त्यांना आज प्रथम कळत होते.

“रोज सात वाजता तास,” लेक म्हणाली. “ड्युटी संपली की मी फोन करते. वही घेऊन बसा. आणि उशीर चालणार नाही.”

“पाचची गाडी मी कधी पाच-एकला सोडली नाही,” बाबा म्हणाले.

सोमवारी पहिला तास होता. बाबांनी नवी वही काढली, तिच्यावर सुबक अक्षरात विषय लिहिला, इस्त्रीचा शर्ट घातला, पेन्सिलीला टोक केले आणि खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली.

सहा वाजले होते.